चक्कर तर सगळ्यांनाच येती की!

"मॅडम, चक्कर तर सगळ्यांनाच येती की!"

आज कॉलेजात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोह असलेलं द्रव्य, तपासत होते. रांगेत माझ्यापुढं सेकंड इयरची एक पोरगी, बोटाला कापूस दाबून उभी, आणि कागदावर आकडा ८.६. बायकांना निदान १२ तरी पाहिजे. मी म्हटलं अगं दम लागत नाही का, चक्कर येत नाही का तुला, तर हसत हसत हे उत्तर. जणू चक्कर म्हणजे रोजची एस्टीच.

एस्टीवरनं आठवलं, ती कवठेमहांकाळकडनं येती, सकाळी सहाची गाडी. निघताना काय खातेस? "चहा." मग? "मग डायरेक्ट दुपारी डबा, पण तवर भूक मरती." शाळेत असताना आठवड्याला लोहाची गोळी मिळायची म्हणे, ती पण घरी नेऊन चहाबरोबरच घ्यायची! चहानं लोह अंगाला नीट लागत नाही, लिंबू पिळून काही खाल्लं तर जास्त लागतं, एवढं साधं तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि गंमत बघा, त्याच्या आधी तासभर हॉलमध्ये निरोगी जीवनशैलीवर व्याख्यान झालेलं. स्लाइडवर ॲव्होकॅडो. सांगलीत! हळीव, मटकी, शेवग्याचा पाला यांचं नाव पण नाही. पोरी मागं बसून मोबाईल बघत होत्या, त्यांचं तरी काय चुकलं?

आणि मी? माझा नंबर यायच्या आत लेक्चर आहे म्हणून रांग सोडून सटकले. घरी आले, जेवले, आणि सवयीनं लगेच चहा ठेवला.

तुम्ही शेवटचं कधी तपासलंय हो?