आमची वाटचाल : भिंतीवरच्या तक्त्यापासून जमिनीवरच्या गल्लीपर्यंत

बालवाड्यांसाठी ‘आपले मदतनीस’, ‘सार्वजनिक ठिकाणे’ असले तक्ते छापण्यापासून आमच्या उद्योगाची सुरुवात झाली. तक्त्यांना मागणी आजही आहे, पण तक्त्यावरचं पोस्ट ऑफिस कुठल्याच गावचं नसतं. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढलं. चार वर्षांच्या मुलाला जिल्हाही फार मोठा. त्याचा परिसर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी संपतो. म्हणून आमचा आताचा ‘परिसर संच’ आम्ही मुद्दाम अर्धा रिकामा देतो. बाकीचा ताईंनी भरायचा.

संचात सहा बाय चार फुटांचं, रस्ते छापलेलं मांजरपाटाचं कापड, कार्ड उभं करायला खाच पाडलेले बारा लाकडी ठोकळे आणि बारा कोरी पुठ्ठ्याची कार्डं असतात. कापडाऐवजी फ्लेक्स स्वस्त पडला असता. पण त्याचे कोपरे वर वळतात, घडीवर छपाईला भेगा जातात आणि गुळगुळीत फरशीवर मुलं घसरतात. कोरं मांजरपाट मात्र आधी धुऊनच छापावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि सरळ रस्ते वाकडे होतात. रस्त्याची रुंदी पंधरा सेंटिमीटर ठेवतो, कारण त्यावरून दोन मुलांना समोरासमोर खेळण्यातल्या रिक्षा न्यायच्या असतात. पुठ्ठा अडीच मिलिमीटरचा, खाच तीनची. नेमकी मापाची खाच उन्हाळ्यात छान बसते. पावसाळ्यात पुठ्ठा फुगला की कार्ड आत जात नाही आणि मुलं ठोकून बसवायला जातात.

कार्डं उभीच का? या वयात मूल इमारत समोरून ओळखतं, वरून नाही. छपरांचा नकाशा त्याला काही सांगत नाही. दर्शनी बाजू उभी केली की लगेच ‘ही गिरणी’ म्हणतं. कार्डावर लावायचा फोटो जमिनीपासून तीन फुटांवरून, म्हणजे मुलाच्या नजरेच्या उंचीवरून काढायचा आणि दुकान उघडं असताना काढायचा; बंद शटर सगळीच सारखी दिसतात. मालकाला विचारून घ्यावं. फोटोत गिऱ्हाइकांचे चेहरे नकोत.

मुलांना घेऊन परिसरात फेरी मारल्याशिवाय कापड उघडायचं नाही, ही आमची अट. एका फेरीत तीनच ठिकाणं, पाऊण तास, पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस. ठिकाण निवडावं ते तिथे काहीतरी घडताना दिसतं म्हणून. गिरणीत गहू वरून पडतात, पीठ खालून येतं. पट्ट्यापासून मात्र लांब उभं करायचं. बँकेत बघण्यासारखं काही नसतं, ती सोडली तरी चालते. आदल्या दिवशी जाऊन साप्ताहिक सुट्टी आणि विजेची वेळ विचारून यावं.

पोस्ट ऑफिसला जाताना पन्नास पैशांची पोस्टकार्डं न्यावीत. चित्राची बाजू मुलाची, पत्त्याची ताईंची. पत्ता बॉलपेनने, पिनकोडचे सहाही आकडे चौकटीत. चाळीत किंवा वाडीत घर असेल तर खोली क्रमांक आणि पालकाचं नाव हवंच. न पोहोचणारी बहुतेक पोस्टकार्डं तिथेच अडकतात. घरी कार्ड आलं की पोस्टमन कोण हे वेगळं शिकवावं लागत नाही.

परतल्यावर कापड दारापाशी अंथरायचं, त्यावरचा रस्ता बाहेरच्या रस्त्याला समांतर ठेवून. पहिला ठोकळा बालवाडीच्या फाटकाचा. दिशा उलटी पडली तर डावीकडची गिरणी उजवीकडे जाते. मूल बरोबर सांगतं आणि ताई त्यालाच चुकीचं ठरवतात. मग विचारायचं, ‘गिरणीतून घरी जाताना मधे काय लागतं?’ उत्तर बोटाने चालत द्यायचं.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. संचासोबतच्या लाकडी रिक्षा आणि माणसं आम्ही परवानाधारक उत्पादकाकडूनच घेतो, आणि पाच सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही घेत नाही, कारण बालवाडीत तीन वर्षांखालचं भावंड हमखास येऊन बसतं.

खेड्यांसाठी कापड वेगळं आहे : मधे पार, एका टोकाला एसटी थांबा, दूध संकलन केंद्राला मोकळी जागा. शहरी कापडावर रिक्षा स्टँड आणि मंडई. दुकानं बदलतात, म्हणून कोरी कार्डं सुटीही मिळतात. मागणी एप्रिलपर्यंत कळवावी. मे महिन्यात कापड धुऊन, वाळवून छापता येतं, जूननंतर ते वाळत नाही.