खाटकांची गुरं आणि अँटवर्पची नदी

आजच्या बेल्जियममधलं अँटवर्प स्पेनच्या राजाविरुद्धच्या डच बंडात उतरलं होतं, म्हणून स्पॅनिश सैन्याने त्याला वेढा घातला. त्या १५८४-८५ च्या वेढ्याबद्दल वाचताना सगळी वाट खाटकांनी लावली असं म्हणायचा मोह होतो, पण आधी नकाशा बघा. बंदर आहे खरं, पण समुद्रकाठी नाही, शेल्ट नदीतून ऐंशीएक किलोमीटर आत. म्हणजे तटबंदी कितीही भक्कम बांधा, नरडं नदीतच.

स्पॅनिश सेनापती पार्मा (अलेस्सांद्रो फार्नेसे) याला हे पक्कं कळलं होतं. त्याने तटावर डोकं आपटलंच नाही, सरळ नदीवर पूल बांधायला घेतला. दोन्ही काठांवरून खांब रोवत आणले आणि मधल्या खोल पाण्यात ३२ होड्या साखळदंडांनी बांधून उभ्या केल्या. आता बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याने आधीच सांगून ठेवलं होतं की बांध फोडा, कुरणं पाण्याखाली घाला, मग गलबतं पुलाला वळसा घालून शेतांवरून शहरात येतील. यावर खाटीक संघ उठला, त्या कुरणांवर आमची बारा हजार गुरं चरतात, फोडू देणार नाही! जुलै १५८४ मध्ये विल्यमचा खून झाला आणि त्याचं म्हणणं लोकांना ऐकायला लावणारं कोणी उरलंच नाही. नंतर पाणी सोडलं, पण तोवर मोक्याच्या बांधावर स्पॅनिश ठाण मांडून बसले होते.

माझा आवडता (आवडता म्हणणं बरं नाही, पण काय करू) प्रसंग एप्रिल १५८५ चा. जियाम्बेल्ली नावाच्या इटालियन इंजिनिअरने दोन जहाजांच्या पोटात विटांची कोठी बांधून बंदुकीची दारू ठासली, वर थडग्यांचे दगड रचले, आणि एका जहाजात वात न ठेवता चक्क घड्याळाचं यंत्र बसवलं. टाइम बॉम्बच की, सोळाव्या शतकात! रात्री नदीतून जळती जहाजं येताना बघून स्पॅनिश सैनिक पुलावर गंमत बघायला जमले. एक जहाज फुसकं निघालं. दुसरं, नाव 'होप', म्हणजे डचमध्ये आशा, पुलाला येऊन टेकलं, थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग फुटलं. आठशेच्या आसपास माणसं गेली, खुद्द पार्मा बेशुद्ध पडला, पुलाला खिंडार. आणि त्यातून घुसायला खाली थांबलेलं बंडखोरांचंच आरमार? आलंच नाही! पार्माने रातोरात डागडुजी केली, निदान लांबून पूल धड दिसेल इतकी तरी.

मे महिन्यात बंडखोरांनी तो मोक्याचा बांध जिंकलासुद्धा, फोडलासुद्धा, पण म्हणतात की पुढारी लगेच शहरात येऊन मेजवानीला बसले आणि तोवर स्पॅनिशांनी तो परत घेतला. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले. १७ ऑगस्टला शहर शरण आलं.

प्रोटेस्टंटांना आवरून निघायला चार वर्षं दिली, लोकसंख्या जवळपास निम्मी झाली, व्यापारी, कारागीर, पैसा सगळं उत्तरेला गेलं, ॲमस्टरडॅमची चंगळ झाली. आणि शहर स्पॅनिशांकडे गेल्यावर नदीचं मुख कोणी दाबलं, तर डचांनीच. १६४८ च्या तहात ते लिहूनही घेतलं.

मग १९४४, दुसरं महायुद्ध. ४ सप्टेंबरला ब्रिटिश रणगाडे अँटवर्पमध्ये शिरले, गोद्या जवळजवळ शाबूत मिळाल्या, सगळे खूश. पण मुखाशी वाल्खेरेन बेटावर जर्मन तोफा तशाच आणि नदीत सुरुंग पेरलेले. तिथून त्यांना हुसकायला ८ नोव्हेंबर उजाडला, कॅनेडियन आणि ब्रिटिश सैनिकांनी चिखलात, गुडघाभर पाण्यात लढून. सुरुंग काढायला आणखी दिवस गेले आणि मालाचा पहिला मोठा काफिला लागला २८ नोव्हेंबरला. जवळपास तीन महिने एवढं मोठं बंदर ताब्यात, आणि बराचसा माल मात्र लांबून, फ्रान्समधल्या नॉर्मंडीसारख्या ठिकाणांहून येतोय.