तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही केस का केली नाही

"एवढं धडधडीत असून केस का नाही केलीत?" आईच्या पोटात ऑपरेशनवेळी राहिलेल्या मॉपबद्दल, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाबद्दल, ज्याला कळतं तो हेच विचारतो. एकदाच लिहून टाकते.

आईची पिशवी काढली तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर अकरा वर्षं तिचं पोट डाव्या बाजूला दुखायचं आणि आम्ही ते पित्तावर ढकलायचो. मग सीटी स्कॅनमध्ये मोसंबीएवढी गाठ दिसली. पोट उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी आई गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आली आणि दागिन्यांचा डबा काढून बसली. पाटल्या मला, मोहनमाळ वहिनीला. रात्री मेथीच्या लाडवांचं प्रमाण वहीत लिहून घ्यायला लावलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जननी मला आणि दादाला बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये पिवळट, चिकट कापडाचा बोळा, कोपऱ्याला नाडी तशीच. "मॉप आहे. गाठ नव्हतीच." सुती कापड शरीरात विरघळत नाही; शरीर त्याच्याभोवती जाड कवच बांधतं आणि स्कॅनमध्ये ते ट्यूमरसारखं दिसतं. डॉक्टर याला गॉसिपिबोमा म्हणतात. एक्स-रेत दिसणारा धागा मॉपमध्ये विणलेला असतो, तो यात नव्हता.

मी सर्जनच्या पाया पडले. दादाने पेढे वाटले. कॅन्सर नव्हता! त्या दिवशी राग कुठून येणार, सांगा ना?

राग नंतर आला, आणि वकिलांकडे गेलोही. त्यांनी दोन निकाल सांगितले. १९६३ साली औरंगाबादेत बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो निष्काळजीपणाच ठरवला. पण २०१० साली त्याच न्यायालयाने गोव्याच्या एका नर्सची पोटात राहिलेल्या गॉजची तक्रार मुदतीबाहेरची ठरवली. तिला नऊ वर्षं दुखत होतं, तर तपासून का घेतलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. "समोरचा वकील आईंना हेच विचारणार," ते म्हणाले. "अकरा वर्षं काय करत होतात?"

पित्ताच्या गोळ्या देत होतो. मी देत होते.

तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, पिशवी काढणारी जुनी डॉक्टरीणबाई म्हातारी झाली, माझं बाळंतपणही तिनेच केलं, कशाला तिच्यामागे लागायचं. खोटं नव्हतं ते. पण नाशिकच्या आयोगात उभं राहून त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती, हेही खरं. आई मात्र म्हणते, तिला कुणी विचारलंच नाही.

पाटल्या परत द्यायला गेले होते. "दिल्या त्या दिल्या," म्हणाली. माझ्या कपाटात आहेत. एकदाही घातल्या नाहीत.