खणाच्या आतलं

रविवारी एका छोट्या गॅलरीत जाऊन आले. छोटी म्हणजे एकच खोली, चार माणसं आत असली की पाचव्याने दारात थांबायचं आणि पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची (मला सांगावं लागलं, आणि सांगितलं ते बरंच झालं). एकाच आर्टिस्टच्या नऊ वस्तू, चित्र एकही नाही.

मी नेहमीप्रमाणे आधी लेबलं वाचत सुटले. स्मृती, अनुपस्थिती, अवकाश वगैरे. तिसऱ्या लेबलापर्यंत डोकं जड झालं आणि वस्तू एकही धड पाहिलेली नव्हती, मग गुपचूप परत दारापासून सुरुवात केली.

एक इस्त्री होती, तळाला काटे. जरा वैतागच आला, कारण मॅन रे या अमेरिकन आर्टिस्टने १९२१ मध्येच इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची ओळ चिकटवलेली. शिवाय असली वस्तू एका नजरेत संपते, जोक कळला की पुढे चला.

पण कोपऱ्यातला पांढरा ठोकळा! टेबलाच्या खणात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलंय आणि ते सुकल्यावर लाकूड काढून टाकलंय, म्हणजे उरलीये ती खणातली नुसती रिकामी जागा. आता ही आयडियापण नवी नाहीच, रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने १९९३ मध्ये लंडनमधल्या अख्ख्या घराला आतून काँक्रीट चढवून बाहेरच्या भिंती काढून टाकल्या होत्या, पुढच्या वर्षी ते पाडलंही. मग इस्त्रीवर का चिडले मी? कारण इथे बघतच राहावं असं काहीतरी होतं. लाकडाच्या रेषा उलट्या उमटलेल्या, एका कडेला खिळ्याच्या गंजाचा तांबूस डाग प्लास्टरमध्ये मुरलेला, आणि तळाशी खणात अंथरलेल्या पेपरची शाई उतरलेली, अक्षरं आरशातल्यासारखी. मी वाकून वाकून वाचायला बघत होते, मागचे काका घसा खाकरायला लागले तरी.

शेवटी टेबलापाशी बसलेल्या मुलीला विचारून फोटो काढला आणि घरी येऊन फ्लिप केला. शब्दकोडं निघालं. निळ्या पेनाने बरंचसं सोडवलेलं, आडव्यातला एक शब्द तीन अक्षरांवर अडकलाय, शेवटचे दोन चौकोन कोरे. मी तासभर डोकं खाजवलं, मलाही येत नाहीये.