38,000 फोटो-पानं आणि मेटा डिस्क्रिप्शन : सहा आठवड्यांची नोंद

पतंग, भुंगे, चतुर, कोळी यांच्या मॅक्रो फोटोंचा माझा संग्रह 38,000 पानांच्या पुढे गेलाय. प्रत्येक फोटोला वेगळं पान, आणि बहुतेक सगळ्या पानांना एकच मेटा डिस्क्रिप्शन (पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं, सर्चच्या निकालात शीर्षकाखाली दिसू शकणारं वर्णन) : 'कीटकांची सुंदर छायाचित्रे पाहा.' पानावर दुसरा मजकूर जवळपास नसल्यामुळे सर्चमध्येही तेच वाक्य ओळीने दिसायचं. कुठल्या पानावर अंडी घालणारी मादी आहे आणि कुठल्या पानावर नुसता पंख, हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

आठवडा 1. आधी हे वर्णन नेमकं कशाला लागतं ते वाचून काढलं. कीवर्ड्स टॅग (कोडमधली शोधशब्दांची यादी) आणि डिस्क्रिप्शन या दोन्हींचा क्रमवारीसाठी वापर करत नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं होतं. इमेज सर्चमध्ये ऑल्ट टेक्स्ट (फोटोसाठी कोडमध्ये लिहिलेला मजकूर), कॅप्शन, पानाचं शीर्षक आणि फोटोजवळचा मजकूर कामाला येतो. म्हणजे वर्णनाचा उपयोग एवढाच, की निकाल वाचणाऱ्याला दहा सारख्या पानांतून हवं ते ओळखता यावं. माझ्या मते तेवढ्यासाठीही ही मेहनत करावी. मोठ्या साइटने वर्णनं प्रोग्रॅममधून तयार केली तरी गूगलची हरकत नाही, फक्त ती वाचता येण्यासारखी आणि पानागणिक वेगळी हवीत.

आठवडा 2 आणि 3. टेम्प्लेट (नावं भरली की आपोआप वाक्य देणारा साचा) लिहायला घेतलं आणि मराठीने अडवलं. 'अमुकचा फोटो' असं वाक्य ठेवलं तर 'भुंगाचा', 'कोळीचा' असली रूपं तयार होतात. भुंग्याचा, कोळ्याचा, अळीचा, चतुराचा : प्रत्येक नावाचं सामान्यरूप निराळं. शिवाय बसलेला, बसलेली, बसलेलं हा लिंगाचा घोळ आहेच. प्रत्येक नावासाठी सामान्यरूप आणि लिंग असे दोन नवे रकाने भरायला सुरुवात केली, पण दोनशे नावांनंतर दुसरी वाट सापडली. नाव मूळ रूपातच पुढे ठेवायचं आणि क्रिया '-ताना' लावून सांगायची. अंडी घालताना, कात टाकताना, कोष विणताना : या रूपाला लिंगाशी देणंघेणं नाही. आता वर्णन असं येतं : 'चतुर, मादी : पोटाचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालताना. पंखांवरच्या ठिपक्यांसह बाजूने घेतलेला फोटो.' हे वाचताना यंत्राने जोडल्यासारखं वाटत नाही. मराठीत टेम्प्लेट करणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरून पाहा.

आठवडा 4. लांबी. 160 अक्षरांची मर्यादा सगळीकडे सांगतात, पण गूगलने लांबीवर तसं बंधन घातलेलं नाही. स्निपेट (निकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर) पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं. डिसेंबर 2017 मध्ये स्निपेट बरीच लांब झाली आणि मे 2018 मध्ये पुन्हा आखूड झाली. म्हणून आकड्यामागे न धावता महत्त्वाचं सगळं पहिल्या आठ-दहा शब्दांत आणलं.

तरी कुठेतरी कापायला हवंच होतं, म्हणून पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मजकूर कापणारं सबस्ट्रिंग फंक्शन 160 वर लावलं. ते अक्षरं नाही, बाइट (साठवणुकीचं एकक) मोजतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं, त्यामुळे स्पेस धरूनही 60 च्या आतच वाक्य तुटलं आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन आला. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं मल्टिबाइटवालं फंक्शन लावल्यावर चौकोन गेला, पण 'ठिपक्यांसह'चं 'ठिपक्' झालं. मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात, म्हणून जोडाक्षर मधूनच तुटतं. शेवटी मर्यादेच्या आधीची शेवटची स्पेस शोधून तिथेच कापते. आणखी एक : कॅप्शनमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर कंटेंट ॲट्रिब्यूट (कोडमध्ये वर्णन ठेवायची जागा) तिथेच बंद होतं आणि पुढचं सगळं वर्णन गळतं. ते चिन्ह एस्केप करायला (त्याऐवजी त्याचा सांकेतिक कोड लिहायला) विसरू नका.

आठवडा 5. खरा प्रश्न इथे आला. जवळजवळ एक तृतीयांश पानांवर फक्त प्रजातीचं नाव आणि क्रमांक. एकाच कोळ्याच्या एकामागोमाग घेतलेल्या 14 फ्रेम, 14 पानं, सांगण्यासारखं काहीच वेगळं नाही. शब्द फिरवून 14 वर्णनं करता आली असती, पण ते मला पटलं नाही. सर्च कन्सोलमध्ये (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) यातली बरीच पानं 'क्रॉल केलं, पण इंडेक्स केलेलं नाही', म्हणजे गूगलने वाचली पण निकालांच्या यादीत घेतली नाहीत, या गटातच पडून होती. मग अशा मालिका एकेका पानावर एकत्र केल्या आणि जुने पत्ते 301 ने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणाऱ्या सूचनेने) तिकडे वळवले. उरलेल्या माहिती नसलेल्या पानांचं जुनं वाक्य काढून वर्णन सरळ रिकामं ठेवलं. सगळीकडे तेच वाक्य असण्यापेक्षा ते बरं.

आठवडा 6. सर्वांत जास्त क्लिक मिळणारी पानं आधी हाताने तपासली. सर्च कन्सोलच्या तक्त्यात 1,000 ओळीच मिळतात, सुरुवातीला तेवढ्या पुरल्या. बऱ्याच शोधांना गूगल माझं वर्णन न घेता पानावरचं कॅप्शन उचलतंय. 'वाळक्या पानासारखा पतंग' शोधलं, तर 'पंख मिटून, काडीला चिकटून, वाऱ्याबरोबर हलताना' ही कॅप्शनची ओळ आली. मला त्याचा आनंदच झाला, कारण ती ओळ त्या दिवशी फोटो घेताना वहीत लिहिलेली होती. त्यामुळे टेम्प्लेटला आता हात लावत नाही. रोज तासभर जुने फोटो उघडून 'काय करतोय' हा रकाना भरते. त्यातूनच कॅप्शन, ऑल्ट टेक्स्ट आणि वर्णन तिन्ही तयार होतात.

पतंग आणि चतुर झाले. कोळ्यांच्या बहुतेक पानांवर जाळ्याचा प्रकारच नोंदवलेला नाही, तेव्हा उद्यापासून आधी तो रकाना.