मूल थांबतं कधी?

मुलांना संयम शिकवायचा म्हटलं की बहुतेक घरांत सुरुवात ‘नाही’ने होते. ती ‘हो’ने करावी, आणि तो ‘हो’ ठरल्या दिवशी पाळावा.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात: समोरचा खाऊ आत्ता घे, नाहीतर थांब आणि दोन घे. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात चमकली, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. २०१८ साली हे मोठ्या गटावर ताडून पाहिलं तेव्हा तो संबंध बराच कमकुवत निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी आक्रसला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातून आलेला प्रयोग. तिथे काही मुलांना आधी ‘चित्रकलेचं चांगलं सामान आणतो’ असं सांगून खरंच आणून दिलं. काहींकडे मोठा माणूस रिकाम्या हातांनी परतला. मग खाऊची परीक्षा घेतली. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३ मिनिटं. मुलं एकूण २८च होती, तेव्हा फार ताणू नये. पण ज्याला मोठ्यांचा शब्द खोटा ठरल्याचा अनुभव आहे, त्याने हातातलं पटकन खाऊन टाकणं हा शहाणपणाच आहे. त्याला उतावळा कशाला म्हणायचं?

म्हणून पॉकेटमनीत रकमेपेक्षा वार महत्त्वाचा. साधारण सहाव्या वर्षापासून आठवड्याला, दहाच्या पुढे पंधरवड्याला, तेरा-चौदाच्या सुमारास महिन्याला. रक्कम अंदाजाने ठरवू नका. चार आठवडे मुलाच्या किरकोळ हट्टांवर किती जातात ते लिहून ठेवा आणि आठवड्याच्या सरासरीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. या पैशांतून काय घ्यायचं आणि काय घरखर्चातून येणार, हे त्याच दिवशी स्पष्ट करा. वह्या, चपला यात नकोत. शिक्षा म्हणून रक्कम कापू नये. ठरलेल्या दिवशी तुम्हीच विसरलात तर वरचा सगळा खटाटोप वाया.

लहानांना रोख द्या, तेही पारदर्शक बरणीत. बंद गल्ल्यात पैसे वाढताना दिसत नाहीत, मोबाइलवरून दिले तर जातानाही दिसत नाहीत. गेममधली नाणी आणि हिरे तर किंमत लपवायलाच असतात. खरेदीला पासवर्ड लावा आणि आकडा ‘तुझ्या तीन आठवड्यांचे पैसे’ अशा भाषेत सांगा. बचतीचं पहिलं उद्दिष्ट सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन-चार आठवड्यांत गाठता येईल एवढंच ठेवा. सहा महिन्यांचं ठेवलं की दुसऱ्याच महिन्यात बरणी रिकामी होते आणि आपण मुलाला दोष देतो.

मोठ्या मागण्यांसाठी भिंतीवर कागद लावा: तारीख, वस्तू, कुठे पाहिली. लहानांना ७ दिवस थांबायला लावायचं, मोठ्यांना ३०. मुदत संपल्यावरही हवीच असेल तर बोलणी करायची: बरणीतून किती, घरून किती, की वाढदिवसाला. अनेक नोंदी मूल स्वतःच खोडतं. बिघडतं ते दोन प्रकारांनी. एकतर ‘अरे, ते हवं होतं ना तुला?’ म्हणून आपणच आठवण करून देतो, किंवा आजी-आजोबा तिसऱ्या दिवशी तीच वस्तू घेऊन दारात उभे. त्यांना अडवण्यात अर्थ नाही, नातवाचं कौतुक त्यांनी नाही करायचं तर कोणी? कागद दाखवा, मुदत पूर्ण झालेली एखादी नोंद त्यांच्या नावावर टाका.

दुकानातला तमाशा हा वेगळाच विषय. चार वेळा ‘नाही’ म्हणून पाचव्या रडण्याला ‘बरं, घे’ म्हटलं, तर मूल शिकतं की पाच वेळा रडायचं. अधूनमधून फळणारा हट्ट नेहमी फळणाऱ्या हट्टापेक्षा चिवट असतो. त्यामुळे द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला द्या. आत जाण्याआधी काय घ्यायचं ते सांगा आणि तिथे नवीन निर्णय घेऊ नका. नियम नव्याने लागू झाला की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. बहुतेक पालक नेमके वाढीच्या टप्प्यावर हात टेकतात.

‘पैसे नाहीत’ हे खोटं असेल तर बोलूच नये. संध्याकाळी तुमचं पार्सल येतं आणि मुलाला दिसतं. ‘यासाठी पैसे ठेवलेले नाहीत’ म्हणा.

पैसे फालतू खेळण्यावर उडाले, दोन दिवसांत ते मोडलं, तर भरपाई नको आणि ‘सांगितलं होतं ना’ही नको. पुढच्या वारापर्यंत बरणी रिकामी राहू द्या. उसने दिलेत तर जास्तीत जास्त एका आठवड्याचे, आणि ते पुढच्या वेळी खरंच वळते करा.

उलटं टोकही दिसतं: मूल एक नाणं सोडत नाही, मित्रांच्याच वस्तू वापरतं, घेतलेलं लपवतं. तिथे बचतीचं कौतुक काही दिवस थांबवा आणि रकमेचा एक भाग ‘हा या महिन्यात खर्च करायचाच’ म्हणून वेगळा ठेवा. कशावर, ते त्याला ठरवू द्या.