मोळी अजून उचलता का, ताई?

आमचं सरकारी हॉस्पिटल उसाच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे दिवाळीनंतर मेडिसिन वॉर्डात मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांची गर्दी सुरू होते. मी तिथे एमबीबीएसच्या मुलांना बेडसाइड शिकवते, आणि दरवर्षी हृदयाच्या क्लिनिकला मिळणाऱ्या केसेसमध्ये निम्म्या तरी ऱ्हुमॅटिक, म्हणजे सांध्यांच्या तापाने खराब झालेल्या झडपांच्या असतात. लहानपणी घसा दुखला, अंगात ताप, सांधे सुजले, कोणी पेनिसिलिन दिलं नाही, आणि वीस-पंचविशीत झडप आवळत आली. पुस्तकातला आजार आहे, पण पुस्तकात तो जुना झालाय, आमच्या वॉर्डात नाही.

त्या दिवशीची बाई पंचविशीच्या आसपासची. रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, एकदम दम कोंडला म्हणून आणली होती, लॅसिक्सवर, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधावर सावरली. त्याआधी बाहेर बरेच महिने दमा म्हणून पंप चालू होता, छातीला कोणी नीट कान लावला असता तर हे झालं नसतं आणि याचा मला अजून राग येतो.

केस घेतली होती आमच्या बॅचच्या सगळ्यात हुशार मुलीने. तिचं एक्झामिनेशन खरंच सुंदर होतं. पंखा बंद केला, ताईंना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून धरायला सांगितला आणि स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकावर अलगद ठेवली. हे अलगद महत्त्वाचं आहे, बेल दाबली की खालची कातडी ताणून तिचा डायफ्राम, म्हणजे स्टेथोची पडद्याची बाजू होते आणि मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे आवळलेल्या मायट्रल झडपेचा, खालच्या पट्टीतला मर्मर (रक्ताच्या खळखळीचा आवाज) गायबच होतो, कितीतरी मुलं तिथेच फसतात. लांबून ट्रॅक्टर गेल्यासारखी ती घरघर आधी हाताला सवयीची व्हावी लागते, मग कानाला. हिने ठोक्याचा मोठा झालेला पहिला आवाज (लाउड फर्स्ट साउंड) सांगितला, झडप उघडतानाची टिचकी (ओपनिंग स्नॅप) सुद्धा सांगितली. मला फार आनंद झाला.

मग हिस्ट्री. "चालताना दम लागतो का विचारलं, नाही म्हणाल्या. जिने चढताना? नाही. झोपताना उशा किती? एकही नाही. मॅडम, ॲटॅक सोडला तर एनवायएचए ग्रेड वन."

ग्रेड वन म्हणजे रोजच्या कामात काहीच त्रास नाही. झडप इतकी आवळलेली की रात्रीत फुप्फुसात पाणी भरलं, आणि ग्रेड वन? मी बाकीच्यांकडे बघितलं. मागे बीडकडचा एक मुलगा उभा होता, एरवी फार बोलत नाही, मर्मर त्याला ऐकूच आला नव्हता आणि तसं त्याने सरळ सांगितलंही होतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "ताई, मोळी घेऊन गाडीला लावलेली फळी चढता का अजून?"

"आता कुठं मोळी. मालकच भरतात गाडी. मागच्या साली फळीवर डोळ्यापुढं अंधारी आली, तवापासून मी नुसती तोडते अन वाढं, उसाचे शेंडे, बांधते."

"आणि झोपता कशा?"

"वाढ्याच्या पेंडीला टेकून. आडवं पडलं की जीव घाबरा होतो."

ज्या कोपीत उशीच नाही तिथे उशा मोजून काय कळणार, आणि जिना तरी कुठला? ती एनवायएचए ग्रेडिंगची पद्धत न्यूयॉर्कच्या हृदयरोग संघटनेची, 1928 सालची, त्यात चूक काही नाही, पण रोजच्या कामात काय त्रास होतो हे विचारायचं तर ते काम आपल्याला माहीत हवं ना. दम लागतो ते काम माणूस हळूहळू सोडून देतो आणि मग दम लागत नाही असं अगदी खरं सांगतो. तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांवर घेतलेली असते, तिथे बाईने मोळी सोडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि शास्त्रही साधं आहे, कष्टाने ठोके वाढले की डायस्टोल, म्हणजे दोन ठोक्यांमधला हृदय भरायचा वेळ, आखूड होतो, अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळच उरत नाही, सगळा दाब मागे फुप्फुसात.

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेचं तोंड 0.9 चौरस सेंटिमीटर आलं, नॉर्मल 4 ते 6 असते. आत गुठळी नाही हे बघून बलून झालं, म्हणजे फुग्याने झडप रुंद केली, खर्च सरकारी योजनेत बसला, बाई आता बरी आहे. पण तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 21 दिवसांनी निदान चाळिशीपर्यंत तरी घ्यायचंय, आणि टोळी सहा महिने इकडे, सहा महिने गावाकडे. रिॲक्शनच्या भीतीने कितीतरी ठिकाणी ते टोचतच नाहीत, हे आमच्या यंत्रणेचं मला न पटणारं वागणं आहे. त्या मुलाने तिला तारखांचं कार्ड करून दिलं, टोळीच्या मुकादमाचा नंबरही घेतला.

माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. ही परीक्षेची लाँग केस असती तर मुलगी डिस्टिंक्शनमध्ये आली असती आणि मुलगा मर्मरवर अडकून कदाचित नापास झाला असता. मर्मर मी त्याला शिकवीन, दोन महिने रोज कान लावला की येतो. त्याच्याकडे जे आहे ते त्या मुलीला कसं शिकवायचं हे मला अजून नीट सापडलेलं नाही. सध्या क्लिनिकमध्ये स्टेथो काढायच्या आधी मी सगळ्यांना एकच विचारते, हे पेशंट वर्षापूर्वी कुठलं काम करायचे जे आता करत नाहीत? इंटर्नल परीक्षेला पण हेच विचारणार म्हणाले तर एक सहकारी म्हणाले, हे सिलॅबसमध्ये नाही, मुलं तक्रार करतील. करू देत.